गळतंय कुठं, दिसतंय कुठं: बाईकच्या ऑइल लीकमागे घालवलेले दोन महिने

गाडीखाली ठेवलेला पुठ्ठा आज सलग अकराव्या दिवशी कोरडा आहे, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. याआधी दोनदा "झालं बुवा एकदाचं" म्हणून लिहायला बसले होते आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली नवा डाग हजर. ज्यांच्या बाईकखाली आत्ता असा डाग पडलाय आणि इंजिन खोलायचं नुसतं नाव काढलं तरी ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहितेय, चुकांसकट.

गाडी सिंगल सिलिंडर, एअर कूल्ड, फोर स्ट्रोक, सात वर्षं जुनी. मीटरवर ४१ हजार आणि वर थोडे. मी मेकॅनिक नाही. ऑइल बदलणं, चेन साफ करणं, टाकी उचलून एअर फिल्टर काढणं-बसवणं इतपतच हात चालत होता.

पहिला डाग एका रविवारी सकाळी दिसला, मोठ्या बटणाएवढा, इंजिनच्या बरोब्बर खाली. पहिल्यांदा वाटलं चेनला मारलेलं ल्यूब असेल, पण ते बहुतेक मागच्या रिमवर आणि स्प्रॉकेटच्या आसपास उडतं, असं इंजिनखाली नेमकं थेंब थेंब पडत नाही. पांढऱ्या कागदावर टिपून घेतलं तर काळपट तपकिरी, बोटांत चोळलं की गुळगुळीत, वास इंजिन ऑइलचाच. हे टिपून बघणं पाच मिनिटांचं काम आहे पण जरूर करा, कारण प्रत्येक डाग इंजिन ऑइलचाच असतो असं नाही. ब्रेक फ्लुइड असेल तर मामला वेगळा आणि जास्त तातडीचा, ते रंग खातं आणि ब्रेकही जातात. लिक्विड कूल्ड गाडी असेल तर कूलंट असू शकतं, त्याला गोडसर वास आणि हिरवा नाहीतर गुलाबी असा कुठलातरी झगझगीत रंग असतो. पेट्रोल तर उडूनच जातं, मागे फक्त वास आणि पुसट वर्तुळ.

मग खाली वाकून बघितलं तर ड्रेन नटच्या (ऑइल काढायच्या खालच्या नटच्या) टोकाला एक थेंब लोंबकळत होता. झालं, चोर सापडला! पाना घेतला आणि नट आवळला. दुसऱ्या दिवशी परत थेंब, परत आवळला, या वेळी पान्याला पाइप लावून. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो, कारण तो नट पोलादी आणि खालचं केसिंग ॲल्युमिनियमचं, त्यात आटे गेले असते तर एका थेंबाचं काम हजार पटीने वाढलं असतं. आटे वाचले, त्यात माझी हुशारी शून्य.

तिसऱ्या दिवशी मॅन्युअल उघडलं. त्यात साफ लिहिलंय की ड्रेन नटचा वॉशर एकदाच वापरायचा. तो मऊ धातूचा असतो, आवळताना चेपून दोन्ही बाजूंना बसतो आणि एकदा चेपला की दुसऱ्यांदा तसा बसत नाही. मी तीन वेळा ऑइल बदललं होतं आणि तिन्ही वेळा तोच वॉशर परत लावला होता. म्हटलं कारण सापडलं. ऑइल बदलायला अजून हजारभर किलोमीटर होते तरी बदलून टाकलं, नवा वॉशर लावला, नट मॅन्युअलमधल्या आकड्यालाच आवळला. टॉर्क पाना (ठरवलेला जोर झाला की वाजणारा) मित्राकडून मागून आणला, आणि तो कट्ट करून वाजला तेव्हा कळलं की आधी मी याच्या निदान दुप्पट जोर लावत होते. त्या रात्रीपासून गाडीखाली पुठ्ठा टाकायला लागले. सकाळी जो डाग दिसेल त्याभोवती पेनने गोल करायचा आणि तारीख घालायची. ही सगळ्यात बिनखर्चाची आणि सगळ्यात कामाची गोष्ट निघाली, कारण "वाढलंय असं वाटतंय" आणि "वाढलंय" यात फरक असतो.

पाच दिवसांत पुठ्ठ्यावर पाच गोल. वॉशर बदलायलाच हवा होता, पण गळती त्याची नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात गाडी वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या मेकॅनिकने टॉर्च मारला, सिलिंडरच्या बुडाशी बोट फिरवलं, काळं झालेलं बोट मला दाखवलं आणि म्हणाला, "ताई, बेस पॅकिंग गेलंय, इंजिन खोलावं लागेल." दोन मिनिटांत. (पॅकिंग म्हणजे दोन भागांच्या जोडात ऑइल अडवायला घातलेला पातळ थर, बेस पॅकिंग सिलिंडरच्या बुडाशी असतं.) जॉब कार्डवर लिहिलं: ऑइल लीक, इंजिन ओपन, बेस पॅकिंग, हेड पॅकिंग, रिंगा आणि सील गरजेप्रमाणे. गाडी चार ते पाच दिवस ठेवावी लागेल. अंदाज लेखी मागितला तर त्यात पॅकिंगचे पैसे अगदीच किरकोळ होते, बाकी सगळी मजुरी, आणि त्या "गरजेप्रमाणे" या शब्दापुढे आकडाच नव्हता.

तो माणूस खोटं बोलत नव्हता हे मी मुद्दाम लिहितेय, कारण सिलिंडर आणि क्रँककेस, म्हणजे इंजिनचा खालचा डबा, जिथे जुळतात ती रेघ खरंच ओली होती, मी स्वतः बघितली. पण बेस पॅकिंग म्हणजे हेड काढायचं, सिलिंडर वर ओढायचा, पिस्टन उघडा पडणार, टायमिंग (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताळमेळ) परत जुळवायचं, म्हणजे अर्धं इंजिन टेबलावर. मी विचारलं, "नक्की इथूनच येतंय कशावरून?" तर उत्तर आलं की उघडल्याशिवाय सांगता येत नाही. मी जॉब कार्डचा फोटो काढला, सही केली नाही, आणि दोन दिवसांत सांगते म्हणून गाडी घेऊन आले. येताना खूप अपराधी वाटत होतं, आपल्याला काय कळतंय म्हणून आपण नाही म्हणतोय असं.

घरी आल्यावर मित्राला फोन केला. तो म्हणाला, "अगं, एवढं काय, बाहेरून सिलिकॉन फासून टाक." दुसरा म्हणाला ऑइलमध्ये टाकायचं लीक बंद करणारं औषध मिळतं. सिलिकॉनचं असं आहे की ऑइल आतून ढकललं जात असतं आणि ऑइल लागलेल्या धातूला सिलिकॉन धरत नाही, म्हणजे चार दिवसांनी तो पापुद्रा सुटणारच, वर पुढच्या माणसाला नीट बघायलाही येणार नाही. आणि औषधाचं म्हणाल तर बहुतेक बाईकमध्ये क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यात काहीबाही ओतून क्लच घसरायला लागला म्हणजे? शिवाय ती औषधं रबरी सील फुगवून काम करतात, कागदी पॅकिंग त्याने काय फुगणार.

ठरवलं की आधी नीट बघायचं. ऑइल खाली ओघळतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे फेकलं जातं, म्हणून जिथे सगळ्यात जास्त ओलं दिसतं ती जागा जवळजवळ नेहमी शेवटची असते. शोधायची ती सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा. आणि ती दिसायला इंजिन आधी लख्ख पाहिजे, नाहीतर सात वर्षांच्या चिकट धुळीत नवं काय आणि जुनं काय ओळखायचं कसं.

तिसऱ्या आठवड्याचा शनिवार धुण्यात गेला. इंजिन पूर्ण गार असतानाच सुरू करा, तापलेल्यावर पाणी अजिबात नको. एअर फिल्टरच्या तोंडावर आणि वायरींच्या जोडांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या, डीग्रीझर मारला, दहा मिनिटं थांबले, मग जुन्या टूथब्रशने फिन्सच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पात्यांच्या) मधल्या फटी घासल्या, आणि पाण्याचा जोराचा फवारा कुठेही मारला नाही. खराखुरा धातूचा रंग दिसायला तीन फेऱ्या लागल्या. वाळल्यावर संशयित जागांवर अंगाला लावायची साधी पावडर फुंकली, पातळ थर, ऑइल लागलं की लगेच काळं दिसावं म्हणून.

आणि मग चूक केली. म्हटलं चांगलं तापू दे, आणि ४० किलोमीटर फिरून आले. परत येऊन बघते तर सगळी पावडर तपकिरी! खालपासून वरपर्यंत ऑइल पसरलेलं, पुन्हा तेच कोडं. रविवारी सगळं पहिल्यापासून, धुणं, घासणं, वाळवणं, पावडर. या वेळी मेन स्टँडवर लावून नुसतीच सुरू ठेवली, दहा मिनिटं, तर कुठे काहीच नाही. जागेवर पळणारं इंजिन जे लपवतं ते रस्त्यावर आरपीएम चढल्यावर बाहेर येतं, त्यामुळे मग नेमके तीन किलोमीटर, जरा ताणून, आणि आल्या आल्या टॉर्च.

बाबांना टॉर्च धरायला बसवलं होतं. मी हातात दांडीचा छोटा आरसा घेऊन सिलिंडरच्या मागच्या बाजूला, कार्ब्युरेटरच्या खाली, जिथे नजर सरळ पोचतच नाही तिथे बघत होते. तिथे टायमिंग चेनचा, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या आतल्या चेनचा, टेन्शनर असतो, ती चेन ताणून धरणारा, दोन बोल्टांनी बसवलेला एक छोटा ठोकळा. त्याच्या खालच्या कडेला पावडरीत एक काळी कोर उमटली होती, नखाएवढी. आम्ही दोघं बघत असतानाच ती कोर जाड झाली, एक थेंब फुगला, सुटला आणि खालच्या फिनवर पडला. पण तिथून सरळ खाली नाही आला, फिनच्या कडेने बाजूला सरकत गेला, कोपऱ्यावरून वळून बेसच्या रेघेवर उतरला, ती रेघ धरून पुढे आला, मग क्रँककेसच्या एका उंचवट्यावरून ओघळत थेट ड्रेन नटवर. माझे दोन्ही "चोर" त्या एकाच वाटेवर होते. बाबा म्हणाले, "हे छतासारखंच झालं की गं, गळतं एका कोपऱ्यात आणि आपण बादली ठेवतो दुसऱ्या."

मी व्हिडिओ काढला. तुम्ही कुणाकडूनही काम करून घेणार असाल तरी असा व्हिडिओ जवळ ठेवाच, "इंजिन ओपन" आणि "टेन्शनरचं पॅकिंग" यातला मजुरीचा फरक केवढा पडतो ते वर्कशॉपला फोन करून विचारलं तेव्हा कळलं. त्यांनी व्हिडिओ बघून "हो, हे असू शकतं" म्हटलं, ही गोष्ट मान्य करायला हवी. पण तोवर मला स्वतःच करून बघायची खुमखुमी आली होती.

पार्टचं प्रकरण मात्र वेळखाऊ. पार्ट कॅटलॉगच्या चित्रातून नंबर काढला, काउंटरवर दिला, तर तो नंबर बंद होऊन त्याजागी दुसरा आलेला. मग चासी नंबर मागितला, तो घरी, दुसऱ्या दिवशी परत. तुम्ही जाताना गाडीच्या कागदाचा फोटो फोनमध्ये घेऊनच जा, मॉडेल आणि वर्ष सांगून भागत नाही. नऊ दिवसांनी पॅकिंग आलं, पण टेन्शनरच्या मधल्या छोट्या बोल्टची ओ-रिंग (रबरी कडी) मी मागवायलाच विसरले होते, तिला आणखी चार दिवस. एकूण तेरा दिवस अशा दोन वस्तूंसाठी ज्या एका मुठीत मावतात आणि ज्यांच्या किमतीपेक्षा माझ्या हेलपाट्यांचं पेट्रोल जास्त झालं असेल.

त्या तेरा दिवसांत गाडी जवळपासच वापरली. निघण्याआधी मागचा टायर आणि ब्रेक हाताने तपासायचे हा नियम केला, कारण ऑइल वाऱ्याने मागेच जातं आणि टायरच्या कडेला ऑइल असलं तर पहिल्या वळणावरच कळतं, तेही उशिरा. उरलेल्या वेळात मॅन्युअल घेऊन इंजिनभोवती फेऱ्या मारल्या आणि कुठून कुठून गळू शकतं ते बघून ठेवलं. वरून सुरुवात केली तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या सगळ्यात वरच्या झाकणाचं, रबर, ते वर्षानुवर्षं तापून कडक होतं आणि चेपायचं बंद होतं. पुष्कळ गाड्यांत त्याचे बोल्ट खांदा असलेले असतात, ठरावीक जागी टेकतात, मग कितीही आवळा, रबर दाबलं जात नाही, फक्त बोल्ट तुटतो. डावीकडे मॅग्नेट कव्हर, तिथे पॅकिंगपेक्षाही वायर बाहेर येते त्या रबरी बुचाजवळून झिरपायची शक्यता असते. उजवीकडे क्लच कव्हर. ऑइल प्रेशरचा स्विच असेल तर त्याच्या अंगातून, आणि तिथलं ऑइल वायरीच्या आतून चढत जाऊन भलत्याच ठिकाणी निघतं म्हणे, ते माझ्या गाडीत नाही. ऑइल कूलरच्या नळ्यांच्या जोडांवरचे वॉशर. पुढच्या स्प्रॉकेटच्या मागचं सील, जिथे चेनचं ल्यूब आणि धूळ यांचा असा काला झालेला असतो की साफ केल्याशिवाय काहीच बोलू नये, आणि चेन फार ताणून ठेवली की ते सील आणि त्यामागचं बेअरिंग दोन्ही लवकर जातात. गिअर लिव्हरच्या शाफ्टचं सील, छोटं, पण चिखलाच्या तोंडीच बसलेलं.

काम केलं तो दिवस पुन्हा रविवार. सुरुवातीलाच पिस्टन वरच्या टोकाला, कॉम्प्रेशनवर आणला, मॅग्नेट कव्हरच्या छोट्या खिडकीतून टायमिंगची खूण जुळवून. याचं कारण नीट समजून घ्या, कारण मला सगळ्यात जास्त भीती याचीच होती: टेन्शनर बाहेर काढला की टायमिंग चेन ढिली पडते, आणि त्या वेळी इंजिन फिरवलं तर चेन एखादा दात सोडून पुढे जाऊ शकते, मग टायमिंग चुकलं आणि गाडी चालू केली की व्हॉल्व्ह पिस्टनला भिडायची पाळी. म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली, चावी काढून बाबांच्या खिशात दिली आणि टेन्शनर परत बसेपर्यंत किकला कुणी हात लावायचा नाही असं घरात जाहीर केलं.

मधला छोटा बोल्ट काढला, भोकातून बारीक स्क्रू ड्रायव्हर घालून घड्याळाच्या दिशेने फिरवला की टेन्शनरची दांडी आत ओढली जाते, तशीच धरून दोन बोल्ट सोडायचे. माझ्या गाडीत असं आहे, सगळ्यांच्या नसतं, आपापलं मॅन्युअल बघा. ठोकळा निघाला आणि जुनं पॅकिंग अर्धं त्याला, अर्धं सिलिंडरला चिकटून राहिलं, काळं, कडक, नखाने तुकडे पडणारं.

काढायला अर्धा मिनिट लागला आणि खरवडायला सव्वा तास! मधल्या भोकात आधी स्वच्छ चिंधीचा बोळा घट्ट बसवला, तुकडे आत इंजिनमध्ये पडू नयेत म्हणून, आणि तो बोळा काढायची आठवण राहावी म्हणून त्याचं शेपूट बाहेर लोंबतं ठेवलं. प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडलं. ब्लेडने पटकन झालं असतं पण ॲल्युमिनियमवर एक ओरखडा पडला की तोच पुढचा ऑइलचा रस्ता. शेवटी ब्रेक क्लीनर लावलेल्या चिंधीने दोन्ही बाजू पुसल्या, बोट फिरवलं तर कुठे काही लागू नये इतपत. नवं पॅकिंग कोरडंच लावलं, मॅन्युअलमध्ये सिलिकॉन सांगितलेलं नव्हतं. जिथे सांगितलेलं असतं तिथेही अगदी बारीक रेघ पुरते, कारण बाहेर जेवढं ओघळलेलं दिसतं तेवढंच आतही ओघळतं आणि आतला तुकडा सुटून ऑइलच्या जाळीत जाऊन बसतो. दोन्ही बोल्ट सहा मिलिमीटरचे, दहा न्यूटन मीटरला, थोडं हा थोडा तो असे आळीपाळीने. एवढ्या बोल्टाला मनगटाचाच जोर लागतो, दंडाचा नाही. मग दांडी सोडली, आत टक् असा आवाज आला, नव्या ओ-रिंगसकट मधला बोल्ट लावला. किकने हळूच इंजिन चार वेळा फिरवून बघितलं, कुठे अडकत नाही ना, मगच चालू केली. आवाज नेहमीचाच. मी खाली बसूनच राहिले थोडा वेळ.

तीन दिवस पुठ्ठा कोरडा, हीच ती दुसऱ्यांदा लिहायला बसण्याची वेळ. चौथ्या दिवशी टॅपेट कव्हरच्या पुढच्या कडेला ओल आणि पुठ्ठ्यावर, जरा पुढच्या बाजूला, नवा गोल.

खरं सांगते, वर्कशॉपचा नंबर काढून फोन हातात घेतला होता, म्हटलं खोला काय खोलायचं ते. मग वाटलं की सात वर्षं जे कव्हर कोरडं होतं ते मी दुसरीकडची गळती बंद केल्यावर चार दिवसांतच कसं ओलं झालं? एक भोक बुजवलं म्हणून दुसरं उघडलं असेल तर आतून काहीतरी ढकलतंय. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली हवा दाबली जाते, शिवाय पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडा वायू कायमच खाली उतरत असतो, आणि ते सगळं बाहेर पडायला ब्रीदर पाइप असतो, एअर फिल्टरच्या डब्यात जाणारा. तो बंद झाला तर दाब सगळ्यात कमजोर पॅकिंग शोधतो. रिंगा झिजल्या असतील तरी दाब वाढतो, पण मग सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, ऑइल कमी होत जातं, आणि तसं काही माझ्या गाडीचं नव्हतं.

टाकी उचलली. ब्रीदर पाइप फ्रेम आणि एअर फिल्टरच्या डब्यामध्ये चेपून सपाट झालेला, बागेतला पाइप दुमडतो तसा. पहिला डाग पडायच्या दोनेक महिने आधी एअर फिल्टर मीच बसवला होता, डबा मीच दाबला होता. पाइप काढून, पुसून, फुंकून बघितला तर माझे गाल फुगले पण हवा जाईना. दुमड सोडवली तरी अर्धीच हवा जात होती, कारण आत पांढरट मलईसारखा गाळ साचला होता. छोट्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसं तापत नाही, आतली वाफ पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळते, त्याचा तो गाळ. तेरा दिवस गाडी जवळपासच फिरवल्याने त्यात भरच पडली असणार.

आणि याच दिवशी ऑइलची पातळीही नीट बघितली. गळतंय गळतंय म्हणून मी मधूनमधून वरून ओतत होते आणि ऑइल मोजायची काडी बघत होते गाडी साइड स्टँडवर असताना, जिथे गाडी कललेली असते आणि काडी जे दाखवते त्याला काही अर्थ नसतो. सपाट जागी, गाडी सरळ, इंजिन तापवून बंद करून थोडा वेळ थांबून बघितलं तर पातळी वरच्या खुणेच्याही चांगली वर. ऑइल जास्त असलं की आतली हवेची जागा कमी, दाब आणखी जास्त. मोठ्या सिरिंजला नळी लावून सुमारे २०० मिली काढलं, ते आणि आधी काढलेलं ऑइल डब्यात साठवून वापरलेलं ऑइल गोळा करतात तिथे दिलं. गटारात किंवा मातीत ओतू नका.

ब्रीदरला त्याच मापाचा नवा पाइप घातला आणि टाकी बसवण्याआधी त्याचा मार्ग बोटाने चाचपला, टाकी बसवल्यावर पुन्हा. टॅपेट कव्हरला हात लावला नाही, फक्त पुसून पावडर मारली. इथे धीर धरायला लागला, कारण रबर मागवून ठेवलं होतं आणि हात शिवशिवत होते, पण दोन्ही गोष्टी एकदम केल्या असत्या तर कशाने थांबलं ते कधीच कळलं नसतं. पहिल्या दिवशी पावडर पांढरी. दुसऱ्या दिवशी ५० किलोमीटर, पांढरी. आता साडेपाचशे किलोमीटर झालेत. ते रबर कपाटात आहे, व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) तपासायला कव्हर उघडावंच लागेल तेव्हा बदलेन.

एकूण हिशेब असा की टेन्शनरच्या पॅकिंगपेक्षा ओ-रिंग स्वस्त, त्याहून ड्रेनचा वॉशर स्वस्त, पाइपचा तुकडा जवळजवळ फुकट, आणि सगळ्यात मोठा खर्च स्वतःच्या टॉर्क पान्याचा, कारण मित्राचा परत द्यायला लागला. वर्कशॉपच्या लेखी अंदाजाच्या पाचव्या हिश्शातही सगळं बसलं, पण पहिल्या डागापासून आजपर्यंत बरोबर दोन महिने गेले, त्यातले प्रत्यक्ष कामाचे तास मोजून दहा-बारा असतील.

काल धुताना गिअर लिव्हरच्या शाफ्टजवळ किंचित ओलसर दिसलं. थेंब नाही, पुसल्यावर आज तरी कोरडं आहे. मार्करने भोवती गोल केलाय, तारीख घातलीय, पुढच्या वेळी ऑइल बदलताना ते सील बदलेन. पुठ्ठा तोवर काढत नाही.